नागपुरात राहून पटकथालेखक-दिग्दर्शक होता येतं का?

प्रश्न असा आहे: वय सव्वीस, मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या कंपनीत नोकरी, एक लघुपट करून झालेला, दोन कथा लिहून तयार. पटकथालेखक आणि दिग्दर्शक व्हायचं आहे. मुंबईला गेल्याशिवाय हे होतं का? मधल्या काळात पोट कशावर भरायचं? आणि दिग्दर्शनाची संधी नेमकी येते कशी?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. त्याचं उत्तर कळलं की बाकीचे दोन सोपे होतात.

नव्या माणसाला चित्रपट मिळतो तो बहुतेक वेळा एकाच वाटेनं. निर्मात्याला एक पटकथा आवडते आणि ती ज्याची आहे तो म्हणतो, 'देतो, पण करणार मीच.' वर्षानुवर्षं सहायक म्हणून राबून, बढती मिळून दिग्दर्शक झालेले लोक मी फार थोडे पाहिले. त्या वाटेनं उत्तम मुख्य सहायक तयार होतात, आणि उत्तम मुख्य सहायकाला कोणीच सोडत नाही. कॅमेरा भाड्यानं मिळतो, नट तारखा देतात, संकलक शोधला की सापडतो. तुमच्याकडे आहे आणि दुसऱ्या कोणाकडे नाही अशी वस्तू एकच, ती लिहिलेली शंभर पानं. तो तुमचा सातबारा. त्यावर नाव तुमचं असेल तरच बोलणी बरोबरीनं होतात.

'गोष्ट आम्हाला द्या, दिग्दर्शक आम्ही बघतो' हे वाक्य तुमच्या वाट्याला येणारच, आणि पटकथा जितकी चांगली तितकं लवकर येणार. त्या दिवशी घरभाडं थकलेलं असेल तर तुम्ही हो म्हणाल. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगत आलो: कायम दोन पटकथांवर काम करा. एक विकायची, एक राखायची. विकायची ती मन लावून लिहा, बाजारात फिरवा, दुसऱ्या दिग्दर्शकानं तिचं काहीही केलं तरी रात्री झोप लागेल अशी ठेवा. राखायची ती कोणी कितीही पैसे दाखवले तरी एकटी जाणार नाही, तुमच्यासकटच जाईल. विकायची कोणती आणि राखायची कोणती, हे लिहायला बसण्याआधी ठरवा. पैसे समोर आल्यावर ठरवायला गेलात तर दोन्ही विकायच्याच वाटतात.

आता वेळेबद्दल, कारण सव्विसाव्या वर्षी सगळ्यांनाच उशीर झाल्यासारखं वाटतं. राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचे. 1962 चा जन्म, वडिलांची इथे टायपिंग इन्स्टिट्यूट होती. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते संकलन शिकले, पुढे जाहिराती आणि संकलन करत राहिले, आणि दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट आला 2003 साली, वयाच्या चाळिशीत. सुभाष घईंचा जन्मही नागपूरचाच, 1945 चा. तेही त्याच संस्थेत शिकले, पण अभिनय, आणि दिग्दर्शक म्हणून पडद्यावर आले 1976 मध्ये. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट 2009 चा, आणि पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट त्यानंतर चारेक वर्षांनी. तिघांचं नाव घेतो ते आदर्श म्हणून नव्हे. मधली वर्षं काय करत होते ते बघा. हिरानींना संकलनाच्या टेबलावर रोजगार होता, आणि त्याच टेबलावर दृश्य कुठे लांबतं, कुठे तुटतं हे रोज दिसत होतं. पोटाचं काम आणि शिकण्याचं काम एकच असलं तर मधली वर्षं वाया जात नाहीत. तुमच्या नोकरीत ती सोय नाही. पण नोकरी ताबडतोब सोडा असं मी म्हणणार नाही, त्यावर पुढे येतो.

पोट कशावर भरायचं? मराठीत लेखकाला नियमित पैसा देणारी जागा म्हणजे दैनंदिन मालिका. मीही मुंबईत ते केलं आहे, आणि तुच्छतेनं बोलणाऱ्यांचं मला पटत नाही. तिथे काम वाटलेलं असतं: एक जण कथाविस्तार करतो, दुसरा पटकथा, तिसरा संवाद. बावीस-तेवीस मिनिटांचा भाग, आठवड्याला सहा. गुरुवारी टीआरपी येतो आणि शुक्रवारी सकाळी बैठकीत कळतं की गेला महिनाभर बांधलेलं उपकथानक गेलं. रात्री अकराला फोन येतो, अमक्या नटीला ताप आहे, उद्याच्या तिन्ही सीनमधून तिला काढा. तुम्ही काढता. सकाळी सातच्या आत नवे सीन सेटवर जातात. लिहिलेल्या शब्दावरचा जीव सुटायला याहून चांगली तालीम नाही, आणि दिग्दर्शकाला तीच लागते.

तोटाही सांगतो. मालिकेचा प्रेक्षक भाजी निवडता निवडता ऐकत असतो, म्हणून पात्रं मनातलं सगळं मोठ्यानं बोलतात, शिवाय दोनदा बोलतात. तीन-चार वर्षांत हातालाच ती खोड लागते. मग चित्रपट लिहायला बसलं की बाप मुलाला सांगतो, 'मला तुझी काळजी वाटते रे.' खरा बाप, आपल्याकडचा तरी, असं काही म्हणत नाही. तो गाडीच्या टायरमधली हवा बघतो आणि विचारतो, 'पेट्रोल हाये का?' पैसेही लगेच येत नाहीत. भाग प्रसारित झाल्यावर तीनेक महिन्यांनी येतात, म्हणजे पहिला तिमाही खर्च स्वतःचाच. ही रक्कम हातात नसताना मुंबईची गाडी पकडू नये.

नागपुरात बसून मिळणारी कामं वेगळी. सरकारी खात्यांचे जनजागृतीपट, कृषी आणि आरोग्याचे माहितीपट, कॉलेज-रुग्णालयांच्या फिल्म, बिल्डरच्या जाहिराती. यात कीर्ती नाही, आणि काही वेळा ग्राहकाच्या मेव्हण्याला मुख्य भूमिका द्यावी लागते. पण लेखन, चित्रण, संकलन सगळं तुमच्याच हातात राहतं. कापूस उत्पादकावर दहा मिनिटांचा माहितीपट करताना जे घर, जी माणसं दिसतात ती मुंबईच्या रायटर्स रूममध्ये बसून सुचत नाहीत. आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय मात्र कॅमेरा उघडू नका. उरलेली मार्चअखेरीपर्यंत लटकते.

आणि झाडीपट्टी. नागपूरचे शहरी लेखक तिकडे बघत नाहीत याचं मला नेहमी नवल वाटतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात दिवाळीपासून होळीपर्यंत मंडई म्हणजे जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्तानं गावोगाव नाटकं होतात. बहुतेक मंडळ्यांचा कारभार वडशातून चालतो. नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, गाणी-संगीतासकट. तिथले कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा दोन दिवस सगळ्यांना झाडीपट्टी आठवली, मग पुन्हा सामसूम. लेखकानं एकदा तरी तिथे रात्रभर मागच्या रांगेत बसावं, रंगमंचाकडे कमी आणि लोकांकडे जास्त बघत. थंडीत, पोरं मांडीवर घेऊन बसलेली हजारो माणसं कोणत्या प्रवेशाला उठून चहाला जातात आणि कशाला हलत नाहीत, हे डोळ्यांनी दिसतं. मध्यंतर कुठे हवं यावरची इतकी रोखठोक शिकवणी मला दुसरीकडे मिळाली नाही.

मुंबईचा प्रश्न. महेश एलकुंचवार नागपुरात राहिले, इथे कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आणि 1984 या एकाच वर्षी त्यांच्या नाटकांवरचे दोन चित्रपट आले, 'होळी' आणि 'पार्टी'. यावरून 'बघा, मुंबईची गरजच नाही' असा निष्कर्ष काढणारे भेटतात. तो अर्धाच खरा आहे. एलकुंचवार जागचे हलले नाहीत, पण त्यांची नाटकं त्यांच्या आधी सगळीकडे पोचली होती. ते चित्रपट करणाऱ्या केतन मेहता आणि गोविंद निहलानी यांना ती माहीत होती. माणूस इथे राहिला तरी चालतं, लिखाण इथे अडकून चालत नाही.

म्हणजे व्यवहारात काय? लिहायला नागपूर चांगलं. घर आहे, खर्च कमी, आणि ज्या आयुष्यावर लिहायचं ते खिडकीबाहेर आहे. विकायला, माणसं भेटायला, नरेशन द्यायला मुंबई. दुरांतोनं रात्री निघालं की सकाळी तिथे, समृद्धीनं गेलात तर 701 किलोमीटर. पूर्वी आम्हाला मुंबईत खोली घेऊन 'दिसत राहावं' लागायचं. आता पहिलं वाचन ईमेलवर आणि पहिली बैठक व्हिडिओ कॉलवर होते. पण शेवटचा होकार अजूनही समोरासमोरच मिळतो. नरेशन ही वेगळी कला आहे. दीड-दोन तास एका खोलीत निर्माता, कधी नट, आणि त्यांचे वाजणारे फोन यांच्यासमोर अख्खा चित्रपट तोंडी उभा करायचा. राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर किंवा एकांकिकांत चार वर्षं काढलेला माणूस इथे बाजी मारतो. शुद्ध साहित्यिकाची मात्र पाचव्या मिनिटाला जीभ कोरडी पडते. नाटक केलं नसेल तर सुरू करा. नागपुरात ग्रुपची वाण नाही.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे, पदवीधराला प्रवेश परीक्षा देता येते. मिळाला तर जा. नाही मिळाला तर रडत बसू नका.

आता ज्याबद्दल नवे लेखक-दिग्दर्शक सगळ्यात कमी विचार करतात ते. स्वतः दिग्दर्शित करायची पटकथा लिहिताना तुम्ही खर्च लिहीत असता. ठोकळ हिशेब असा की नीट मांडलेलं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. शंभर पानांची पटकथा, मराठीतल्या बेताच्या बजेटमध्ये चित्रीकरणाचे पंचवीस ते तीस दिवस. म्हणजे रोज साडेतीन-चार पानं. ज्या दिवशी युनिटला एका जागेहून दुसऱ्या जागी हलावं लागतं त्या दिवशी दोन तास सामान चढवण्या-उतरवण्यात जातात, आणि चार पानांची अडीच होतात. 'महाल. गल्ली. दिवस' आणि लगेच पुढचं 'कॉटन मार्केट. पहाट' लिहायला तुम्हाला दोन सेकंद लागतात. लाइन प्रोड्यूसरला, म्हणजे चित्रीकरणाचा खर्च आणि व्यवस्था बघणाऱ्याला, त्यात दोन परवानग्या, गर्दी आवरायला माणसं आणि पहाटे सेटवर बोलावल्यामुळे फुकट गेलेली आदली संध्याकाळ दिसते. 'शंकरपटात बैलजोडी सुसाट पळते' हे एक वाक्य. पण प्राणी आला की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची आगाऊ परवानगी आली. म्हणून बैल काढून टाका असं नाही. तो सीन चित्रपटाचा कणा असेल तर ठेवा, नुसती शोभा असेल तर धुरळा आणि लोकांचे चेहरे दाखवून भागवा. पुष्कळदा तेच जास्त परिणाम करतं.

नागपुरात चित्रीकरण करायचं तर पंचांग वेगळं. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. दुपारी बारा ते चार बाहेरचं काम जवळपास बंद: ऊन डोक्यावर, चेहऱ्यावर काळ्या सावल्या, कॅमेरा तापून बंद पडतो आणि माणसंही. पावसाळ्यात खात्री नाही. उरतो हिवाळा, आणि तिथे दोन अडचणी. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की हॉटेलं भरलेली, पोलीस बंदोबस्तात, सिव्हिल लाइन्सच्या आसपास परवानगी मागायलाही जाऊ नये. दुसरी अडचण अशी की वैदर्भी बोलीचे कसलेले नट नेमके त्याच महिन्यांत झाडीपट्टीच्या दौऱ्यावर असतात. एका रात्री या गावात, दुसऱ्या रात्री त्या गावात. त्यांच्या तारखा पावसाळ्यातच बोलून ठेवा. नाहीतर त्यांच्या जागी पुण्याचा नट येतो आणि तुमची बोली बिघडवतो.

बोलीचं सांगायला हवं. वऱ्हाडी-नागपुरी बोलणारं पात्र म्हणजे हसवणारं पात्र, हा पडद्यावरचा जुना रोग आहे. वाक्यावाक्याला 'बे' आणि 'काहून' पेरलं की झालं नागपूर, असं समजतात. आपल्याकडचा माणूस कचेरीत एक बोलतो, आईशी दुसरं, पानठेल्यावर तिसरं, आणि हिंदीत कधी शिरतो ते त्यालाही कळत नाही. ते शिरणं टिपा. गंभीर प्रसंग बोलीत लिहून बघा, मरणाचा, जमिनीच्या वाटणीचा, लग्न मोडल्याचा. हसू आलं नाही तर लिहिणं जमलं. 'कोर्ट' या 2014 च्या चित्रपटात आपले वीरा साथीदार प्रमुख भूमिकेत होते. आयुष्य चळवळीत गेलेला माणूस, ते 2021 मध्ये कोरोनानं गेले. त्यांच्या बोलण्यातला तो संथपणा कुठल्याही कार्यशाळेत मिळाला नसता. 'झुंड' या चित्रपटासाठीही नागपूरच्या वस्त्यांमधली पोरं घेतली होती. तुमचा लघुपट मी पाहिलेला नाही, पण त्यात सगळे तुमच्या ऑफिसातले मित्र असतील, तर पुढच्या वेळी नट शोधण्यात लेखनाइतका वेळ घाला.

कायद्याचं कंटाळवाणं वाटेल, तरी वाचा. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्यांचं म्हणणं होतं की एका चित्रपटानं त्यांचं नाटक उचललं. न्यायालय म्हणालं, विषय एकच असू शकतो, संरक्षण मिळतं ते मांडणीला. म्हणून चहाच्या टपरीवर 'एका ओळीत' कथा सांगत फिरू नका. आधी सविस्तर लिहा, मग मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन नोंदवा. नोंदणी ऑनलाइन होते. त्यानं मालकी निर्माण होत नाही, पण अमुक तारखेला हे तुमच्याकडे होतं याचा पुरावा राहतो.

करारात तीन गोष्टी बघा. श्रेयनामावलीत आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी श्रेयं असतात. कोणती तुमची ते शब्दांत हवं, 'योग्य ते श्रेय' असं मोघम नको. पैसे टप्प्याटप्प्यानं: सहीला, पहिल्या खर्ड्याला, अंतिम खर्ड्याला. चित्रीकरण सुरू होण्याशी शेवटचा हप्ता बांधू नका, कारण ते कधीकधी सुरूच होत नाही. तिसरी गोष्ट मुदत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर ते संपतात. पण 'करारात वेगळं म्हटलं नसेल तर'. म्हणून निर्मात्याचा वकील नेमकं तेच वेगळं म्हणून ठेवतो. ते कलम शोधा आणि खोडायला सांगा. 2012 च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीचा तुमचा वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाला देताही येत नाही. 'सर्व काही कायमचं दिलं' असं लिहून घेतलं तरी तो भाग टिकत नाही.

राज्य सरकारच्या मराठी चित्रपट अनुदानावर बजेट बांधू नका. 'अ' दर्जाला 40 लाख, 'ब' ला 30 लाख असे आकडे वर्षानुवर्षं ऐकू येत आले, पण पैसे येतात चित्रपट पूर्ण होऊन, परीक्षण होऊन, दर्जा मिळाल्यावर. तोवर व्याज तुमच्या निर्मात्याला भरावं लागतं, आणि तो तुमचा फोन उचलणं बंद करतो.

तर नोकरी. सध्या ठेवा. रोज पहाटे दीड तास लिहिलं तर राखायच्या पटकथेचा पहिला खर्डा सहा-सात महिन्यांत होतो. वाईट होतो, तो व्हायलाच हवा, दुसऱ्या-तिसऱ्या खर्ड्यात पटकथा दिसू लागते. शनिवार-रविवार कोणाच्या तरी माहितीपटावर फुकट का होईना, संकलनाला बसा. दोन कथांपैकी कमी जागा, कमी पात्रं असलेली राखायला ठेवा. पहिल्या चित्रपटात तीस दिवसांच्या वर कोणी देणार नाही. दुसरी नोंदवून मुंबईतल्या चार जणांना पाठवा. मालिकेच्या संवादलेखनाची चाचणी विचारली तर नाही म्हणू नका. चाचणीचा भाग लिहून द्यायचा असतो, त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि दोनहून जास्त भाग फुकट मागितले तर समजा की तुमच्याकडून मालिकाच लिहून घेणं चाललं आहे. राजीनामा द्यायचा तो सहा महिन्यांचा खर्च बँकेत आणि एक सही झालेला करार हातात असताना. घरच्यांना त्याआधी काही सांगू नका. नागपुरात एकदा सांगितलं की मामाच्या मित्राच्या ओळखीचा कोणीतरी मुंबईत स्पॉटबॉय असतोच, आणि पुढचे सहा महिने त्याच्याच फोनची वाट बघण्यात जातात.